बार्शी रोड नावाचं स्टेशन, कुर्डुवाडी नावाचं गाव

फलाट क्र. ३ (धागाकर्ता)

दिवाळीत जुनं घर आवरताना माळ्यावर एक लांबट वही सापडली. लाल कापडात बांधलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. खापरपणजोबांची बार्शीत आडत होती, त्यांच्या गाडीभाड्याची ही वही. सगळी मोडीत. मला मोडी येत नाही, पण आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी काका आहेत, त्यांना येते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पहिलं पान वाचलं. शके १८१२, म्हणजे १८९०. रुईच्या गठाणी, गाडीवानाचं नाव, आणि पुढं "बार्शी रोड पावेतो भाडे".

मी म्हटलं, रोड म्हणजे रस्ता ना? बार्शीहून बार्शीच्या रस्त्यापर्यंत भाडं, हा काय हिशेब झाला? काका हसायला लागले. म्हणाले, "अरे, बार्शी रोड म्हणजे तुझी कुर्डुवाडी."

ज्या फलाटावर शेंगा फोडत बसून मी माझ्या कॉलेजची निम्मी वर्षं काढली, त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. मग शोधाशोध केली. हाती लागलं ते असं.

जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाइन पुण्याहून पूर्वेला टप्प्याटप्प्यानं सरकली. १८५८ च्या डिसेंबरात पुणे ते डिकसळ. १८५९ च्या ऑक्टोबरात डिकसळ ते बार्शी रोड. पुढच्या जानेवारीत मोहोळ आणि जून १८६० मध्ये सोलापूर. म्हणजे सोलापूरच्या आधी काही महिने आपली कुर्डुवाडी हे या लाइनीचं शेवटचं स्टेशन होतं! तेव्हा इथं गाव म्हणावं असं काही नव्हतं. कुर्डू हे मूळ गाव बाजूला, त्याची ही वाडी. स्टेशनला नाव दिलं ते ३५ किलोमीटरवरच्या बार्शीचं, कारण माल तिथला होता. कापूस, गळिताची धान्यं, आणि बार्शीच्या पलीकडून मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून येणारं सगळं.

१८५९ पासून १८९७ पर्यंत, तब्बल ३८ वर्षं, हा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला येत होता. १८९७ मध्ये छोटी लाइन झाली, बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रूळ. २००८ मध्ये तिथं ब्रॉडगेज आली आणि छोटी गाडी संपली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, एवढी मोठी बाजारपेठ सोडून रेल्वेनं माळरानात स्टेशन का काढलं? आमच्या घरात सांगतात की गावातल्या जुन्या लोकांनी "आगगाडी नको, विटाळ होईल" म्हणून विरोध केला. दोन, कुर्डुवाडी स्टेशनाच्या कुणाच्या काही आठवणी असतील तर लिहा. फोटो नसले तरी चालतील.

भगवंताचा गाववाला

एक नंबर धागा! मी बार्शीचा. विरोधाची गोष्ट आमच्याकडंही सांगतात, फक्त त्यात विटाळाऐवजी "बैलगाडीवाल्यांचं पोट जाईल म्हणून" असं असतं. खरं-खोटं भगवंताला ठाऊक.

वही जपून ठेवा दादा. प्लास्टिकमध्ये घालू नका, दमट होऊन बुरशी धरते. सुती कापडच बरं.

शंकासुर

विरोधाची ही गोष्ट मी आजवर निदान आठ गावांच्या नावानं ऐकली आहे. प्रत्येक ठिकाणी गावचे लोक अडाणी आणि इंग्रज समजूतदार. स्टेशन गावापासून लांब असलं की ही गोष्ट आपोआप उगवते. एकानंही आजवर अर्ज, ठराव, पत्र असलं काही दाखवलेलं नाही. धागाकर्त्यांच्या वहीत असं काही निघालं तर मी जाहीर माफी मागेन.

नकाशेवाला

शंकासुरांशी सहमत. याचं उत्तर नकाशातच आहे.

दौंड-सोलापूर पट्ट्याचा उठावाचा नकाशा उघडा. दक्षिणेला भीमा, उत्तरेला सीना. दोन्ही साधारण आग्नेयेला वाहतात, आणि मधे एक लांबलचक, सपाट, कोरडा माळ आहे. डिकसळजवळ लाइन एकदा भीमा ओलांडते आणि त्या माळावर चढते. मग जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा करत ती पाणलोटाच्या कण्यावरून मोहोळपर्यंत जाते. मोठा पूल नाही, बोगदा नाही, फारसा चढ नाही. सीना ओलांडायची ती एकदाच, मोहोळच्या पुढं सोलापूरकडं जाताना.

आता बार्शी कुठं आहे? सीनेच्या पलीकडं, ईशान्येला, बालाघाटाच्या पायथ्याकडं. बार्शी गाठायची तर मोठ्या रेल्वेला तो सपाट माळ सोडून सीना आधीच ओलांडावी लागली असती आणि वर वळसा. लाइनीचं लक्ष्य बार्शी नव्हतंच. तिला सोलापूर-रायचूर करत मद्रासच्या लाइनीला जाऊन मिळायचं होतं, आणि १८७१ साली रायचूरला ती मिळालीही. मुंबई-मद्रास काढणाऱ्या इंजिनिअरनं दर मैलाचा खर्च मांडला. विटाळाचा विचार करायला त्याला सवड कुठली!

म्हणून 'रोड'. ज्या गावाला आम्ही येत नाही, पण ज्याचा माल आम्हाला हवा आहे, त्या गावाच्या रस्त्यावरचं स्टेशन. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, डहाणू रोड, वसई रोड. बार्शी लाइटवरच कळंब रोड आणि जत रोड होते. लातूर रोड तर लातूरपासून तीस किलोमीटरच्या पुढं आहे. कोकण रेल्वेनं विसाव्या शतकाच्या शेवटी हीच युक्ती वापरली, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. तिथं कुणी विटाळाची गोष्ट सांगत नाही, कारण सर्व्हे बघितलेली माणसं अजून हयात आहेत.

कर्जतचा वडा

अवांतर: १८५९ मध्ये मुंबईहून बार्शी रोडला यायचं म्हणजे काय दिव्य असेल. बोरघाटाची लाइन १८६३ मध्ये झाली. तोवर गाडी खोपोलीपर्यंत. तिथं उतरून घाट चढायचा, पालखीनं नाहीतर तट्टावर, आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. म्हणजे बार्शीची गठाण बैलगाडी, आगगाडी, घाटातली गाडी, पुन्हा आगगाडी अशी मुंबईला पोचायची. चार वेळा चढ-उतार. हमालांची चैन.

फलाट क्र. ३

नकाशेवाला, दंडवत. घरी नकाशा दाखवला. वडील म्हणाले, "असेल, पण विरोधही झाला असेलच." :)

तंबोरा

मी मिरजेची. आमच्याकडं बार्शी लाइट १९२७ मध्ये आली. मिरजेत आधीपासून मीटरगेज होती, मग ही छोटी, आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज. एकाच गावात तिन्ही रूळ! लहानपणी पाहुणे आले की त्यांना पुलावरून ते दाखवायला नेत असू. मोठी, मधली, धाकटी. सगळ्यांना धाकटीच आवडायची.

पण आमच्याकडं तिला नॅरोगेज कुणी म्हणत नसे. 'बार्शी लाइट' हेच नाव. सावकाश काम करणाऱ्यालाही तेच, "हा म्हणजे बार्शी लाइट आहे." सांगोल्याकडं पण असंच म्हणतात का?

वारीला निघालो

म्हणतात की! आणि ती गोष्ट पण सांगतात, की गाडी चालू असताना पुढच्या डब्यातून उतरून शेतातल्या हुरड्याची कणसं मोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं.

एक दुरुस्ती सुचवतो. ही लाइन मुळात पंढरपूरच्या वारकऱ्यांसाठी बांधली ना? साहेबानं आषाढीची गर्दी बघितली आणि त्याला कल्पना सुचली, असं ऐकून आहे.

शंकासुर

हुरड्याची गोष्ट जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या नावावर आहे. पिकं तेवढी बदलतात.

नकाशेवाला

वारीवाले, क्रम उलटा आहे. पहिल्यांदा बार्शी रोड ते बार्शी, १८९७. कापसासाठी. पंढरपूरची शाखा १९०६. लातूर १९११. मिरज १९२७. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. वारकरी आले, भरपूर आले, पण कंपनीचा पाया रुईच्या गठाणीवर होता.

साहेबाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, जन्म १८५७. जी. आय. पी. मध्ये इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला. तेव्हाचा समज असा, की छोटी लाइन म्हणजे गरिबाची लाइन, तिच्यावर खेळण्यातल्या गाड्याच धावणार. याचं म्हणणं वेगळं होतं. रूळ किती जड हवा हे कशावर ठरतं? गाडीच्या एकूण वजनावर नाही, एका आसावर येणाऱ्या वजनावर. मग त्यानं ठरवलं की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो, डबा असो, वाघीण (मालाचा डबा) असो. इंजिन जड करायचं तर त्याला चाकं वाढवा. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यानं बार्शीसाठी बनवलेल्या इंजिनांना आठ जोडचाकं आणि मागं आणखी चार. वजन पसरलं, रूळ हलका राहिला, पूल स्वस्त झाले आणि वाघिणी चांगल्या लांबलचक बांधता आल्या.

१८९५ मध्ये त्यानं लंडनला कंपनी काढली. गाड्या इकडं पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या. पुढं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये अशीच एक छोटी लाइन त्यानं उभी केली, १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंदही पडली. त्याची बार्शी त्याच्या घरच्या लाइनीपेक्षा ७४ वर्षं जास्त जगली!

आणि शेवटी हा माणूस पॅराशूटकडं वळला. पहिल्या महायुद्धात 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यानं केलं. कुर्डुवाडीच्या माळावरून थेट आकाशात.

भगवंताचा गाववाला

पॅराशूट! हे पहिल्यांदाच ऐकतोय. बार्शीत त्याच्या नावाची एक गल्लीसुद्धा नाही.

बत्तीवाल्याची नात

दोन दिवस वाचतेय, आज लिहितेच.

माझे आजोबा कुर्डुवाडीला बत्तीवाले होते. लॅम्पमन. हे पद आता कुणाला माहीतही नसेल. तेव्हा सिग्नलला वीज नव्हती. लाकडी हात असायचा, आडवा म्हणजे थांबा, खाली पडला म्हणजे या. "सिग्नल पडला" हे आपण अजून म्हणतो ते तिथून आलंय. पण रात्री हात दिसणार कसा? म्हणून खांबाच्या टोकाला रॉकेलचा कंदील. त्याच्यासमोर दोन काचा, हात हलला की एक सरकून दुसरी पुढं यायची.

दिवे लागायच्या आधी आजोबा बत्तीखोलीत बसायचे. पितळी दिवे ओळीनं मांडलेले. एकेकाची वात कात्रीनं सरळ कापायची, कोपरे किंचित गोल. कोपरा राहिला तर ज्योत शिंगासारखी वर जाते आणि काच काळी पडते. भिंग राखेनं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचं. मग दिवे काठीला अडकवून खांद्यावर, आणि चालत आउटरपर्यंत, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या लांबच्या सिग्नलपर्यंत. तिथं शिडी चढून दिवा बसवायचा. पावसात, वावटळीत, सगळ्यात.

मी सहा-सात वर्षांची असेन. एकदा त्यांनी मला सुटी काच हातात दिली. म्हणाले, "रंग सांग." मी म्हटलं, निळा. ते म्हणाले, "रात्री सांग." रात्री त्यांनी तीच काच कंदिलापुढं धरली आणि ती हिरवी दिसली. रॉकेलची ज्योत पिवळी, काच निळसर, दोन्ही मिळून हिरवा. मला ती जादूच वाटली होती. पुढं शाळेत रंगपेटीत पिवळा-निळा मिसळून हिरवा झाला तेव्हा सगळी मुलं ओरडली, मी नाही.

उन्हाळ्यात आणखी एक काम असायचं. सिग्नल तारेनं ओढतात, केबिनपासून खांबापर्यंत लांबच लांब तार, खालच्या चाक्यांवरून. आपल्याकडच्या मे महिन्यात ती तापून वाढायची, ढिली पडायची, आणि हात अर्धवटच पडायचा. अर्धवट पडलेला हात म्हणजे ड्रायव्हरच्या मते थांबाच. मग दुपारी ताण कमी-जास्त करत बसायचं. आजोबा म्हणायचे, "तारेला पण ऊन लागतं, आपल्यालाच का लागू नये?"

कर्जतचा वडा

ताई, काय लिहिलंय! निळ्या काचेचं माहीत नव्हतं. आजोबांना नमस्कार.

फलाट क्र. ३

अशा आठवणींसाठीच धागा काढला होता. ताई, आणखी लिहा.

तंबोरा

स्टेशनवरचं घड्याळ हा आणखी एक मजेशीर विषय आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागं. गावं सूर्यावर. म्हणजे बार्शी रोडला गाडी पकडणाऱ्याला तीन वेळांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत असणार. आमच्याकडची जुनी माणसं गाडीच्या दोन तास आधी फलाटावर जाऊन बसायची, ती सवय तिथूनच आली असावी असं माझं आपलं मत.

शंकासुर

यावर मला शंका नाही, हे विशेष. माझी आजी तीन तास आधी जायची.

हमाल दे धमाल

मी कुर्डुवाडीतच राहतो. सगळेजण इंजिनं, रूळ, साहेब करताय, पण गाव कशावर जगलं ते कुणी लिहिलं नाही.

गाव जगलं ते रूळ जुळत नव्हते म्हणून. मोठ्या लाइनीचे रूळ १६७६ मिलिमीटर, छोट्या लाइनीचे ७६२. बार्शी-लातूरकडून आलेली वाघीण इथं थांबणार म्हणजे थांबणार. एका बाजूला छोटी वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी, मधे माणूस. प्रत्येक गठाण, प्रत्येक पोतं, गुळाची प्रत्येक ढेप इथं माणसाच्या पाठीवरून जायची. आमच्या आजोबांची पिढी त्या पाठीवरच वाढली. पाठीवर गोणपाटाची घडी, हातात आकडा. गठाणीला आकडा मारायचा तो पत्र्याच्या पट्टीजवळ, मधे मारला तर रुई फाटते आणि आडत्याचा माणूस बोंब मारतो. दोघं उचलून देणार, एक पाठीवर घेणार, आणि फळीवरून चालत पलीकडं. फळी लवते. लवली की पाय थांबवायचा नाही, तिच्या लयीत टाकायचा. थांबला तो पडला.

मालाचं झालं तसंच माणसांचं. लातूरहून पुण्याला जाणारा इथं उतरणार, पंढरपूरहून सोलापूरला जाणारा इथं उतरणार. एक गाडी गेली, दुसरीला वेळ आहे. मग चहा पिणार, भजी खाणार, न्हाव्याकडं बसणार, मुलाला खेळणं घेणार. हॉटेलं, लॉज, टांगे, सगळं त्या मधल्या तासांवर उभं राहिलं. त्यात छोट्या लाइनीचा कारखाना. तो अजून आहे. माथेरानच्या गाडीची मोठी दुरुस्ती इथं होते. म्हणजे छोटी लाइन गेली, पण छोट्या गाडीची माणसं राहिली.

ब्रॉडगेज झाली याचं दुःख नाही. माझी मुलगी लातूरला शिकते, थेट गाडीनं जाते, रात्री अपरात्री फलाटावर बसावं लागत नाही. पण थेट जाणारा माणूस कुर्डुवाडीत चहा पीत नाही, हेही तितकंच खरं.

भगवंताचा गाववाला

दादा, फळीचं वाचताना माझाच पाय लवला.

वारीला निघालो

माझी दुरुस्ती चुकली, मान्य. आता आषाढीचं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं लिहितो, त्यात तरी कुणी शंका काढू नये.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं पंढरपूरला. मोडनिंब येईपर्यंत डब्यात मुंगीला जागा नव्हती. टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर माणसं, पायऱ्यांवर माणसं. टपावर बसलेले टाळ वाजवत होते आणि आत बसलेल्यांना तो आवाज पत्र्यातून यायचा, पावसासारखा. चढ आला की गाडी धापा टाकायची. एके ठिकाणी ती थांबलीच. इंजिनाला वाफ धरायला वेळ हवा होता. लोक उतरले, बांधावर बसले, भाकरी सोडली. एका म्हातारीनं तेवढ्यात तुळशीला पाणी घातलं, डोक्यावरचं वृंदावन खाली ठेवून. शिट्टी झाली, सगळे परत चढले. माणूस एकही राहिला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आधीच्या पिढीचे लोक तर मालाच्या वाघिणीतून गेलेले. आमचे वडील सांगायचे, गुरांसारखे उभ्यानं.

नकाशेवाला

यात्रेवर सरकारचा डोळाही होता. गर्दीच्या यात्रांना रेल्वेनं जाणाऱ्यांच्या तिकिटावर कर लावायची सोय असायची, १९५६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आणि जे वर्ष आपण 'छोट्या लाइनीचं' म्हणून आनंदानं सांगतोय, ते १८९७ हे प्लेगचंही वर्ष. त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला. रेल्वेच्या उतारूंना स्टेशनांवर उतरवून तपासत. लाइन नवी, गाड्या नव्या, आणि पहिल्या उतारूंच्या काखा चाचपायला डॉक्टर. हेही त्याच इतिहासात बसतं.

तंबोरा

बापरे. हे एकत्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

भगवंताचा गाववाला

मोगलाईचा विषय निघाला म्हणून. १९११ मध्ये लाइन लातूरला गेली म्हणजे निजामाच्या राज्यात गेली. माझी आजी येडशीची, सासर बार्शीचं. तिच्या तोंडी कायम दोन पैसे असायचे, 'कलदार' आणि 'हाली'. इंग्रजांचा रुपया कलदार, निजामाचा हाली. कलदार जड, म्हणजे किमतीनं. माहेरी जाताना कनवटीला दोन पुरचुंड्या. हद्दीवर करोडगिरीचं नाकं, म्हणजे निजामाची जकात. नवीन लुगडं घडी करून नेलं तर जकात, अंगावर नेसलं तर नाही. म्हणून आजी भर उन्हात दोन लुगडी नेसून गाडीत बसायची. :)

एक सांगायचं राहिलं. जुनी लाइन येडशीवरून जायची, धाराशिव शहर तिच्यावर नव्हतंच. जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे नाही. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून शहरापर्यंत नेला.

शंकासुर

बघा, धाराशिवलाही "जुन्या लोकांनी विरोध केला" अशी गोष्ट असणार. कुणी ऐकली आहे का?

भगवंताचा गाववाला

ऐकली आहे. :)

कर्जतचा वडा

डिकसळचा जुना पूल राहिला. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा तिथली लाइन हलवली, आणि रेल्वेचा तो दगडी पूल पुढं कित्येक वर्षं रस्त्यासाठी वापरात राहिला. १८५९ च्या ऑक्टोबरात बार्शी रोडला पोचलेली गाडी त्याच वाटेनं भीमा ओलांडून आली. फ्लेमिंगो बघायला भिगवणला जाणाऱ्यांनी कॅमेरा थोडा तिकडंही फिरवावा.

हमाल दे धमाल

आमचा विभाग पण कसा फिरला बघा. जी. आय. पी. सरकारकडं १९२५ मध्ये, मध्य रेल्वे १९५१ मध्ये. बार्शी लाइट मात्र विलायती कंपनीचीच राहिली, ती १९५४ मध्ये घेतली. मग १९६६ मध्ये सोलापूर विभाग दक्षिण मध्यकडं दिला आणि १९७७ मध्ये परत आणला. आमचे आजोबा म्हणायचे, "साहेब चार वेळा बदलला, पोत्याचं वजन तेवढंच."

बत्तीवाल्याची नात

शेवटचं लिहिते. आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कात्री मागून घेतली. वात कापायची, रुंद पात्यांची. रीतसर मागितली की खिशात घातली, ते घरात कुणी विचारलं नाही. आई तिनं देवापुढच्या समईच्या वाती नीट करायची. आता ती माझ्याकडं आहे. एक पातं जरा सैल झालंय, बाकी ठीक आहे. कुणाला बघायची असेल तर फोटो टाकते.

तंबोरा

टाका टाका!

फलाट क्र. ३

कात्रीच्या फोटोची मीही वाट बघतोय.

काल तलाठी काकांकडं पुन्हा बसलो. वही पुढं वाचली. शंकासुर, विरोधाचा अर्ज-बिर्ज काही निघाला नाही, तुमची माफी वाचली. पण एक गोष्ट निघाली.

शके १८१८ पर्यंत पानापानावर "बार्शी रोड पावेतो" आहे. भाडं, गाडीवान, कधी "सीनेस पाणी, एक दिवस मुक्काम". १८१९ पासून, म्हणजे १८९७ च्या पाडव्यापासून, ते शब्द गायब. त्या जागी नुसतं "स्टेशन पावेतो", भाडं अगदी किरकोळ, आडतीपासून बार्शीच्या स्टेशनापर्यंतचं.

मला वाटलं, गाडीवानांचं पोट गेलं ते हे. पण काकांनी बोट पुढं नेलं. गाडीवान तेच आहेत, नावं तीच. फक्त आता ते उलट्या बाजूनं येतात. "येडशीहून", "मुरुडाहून", "लातुराहून". मोगलाईतला माल बार्शीच्या स्टेशनावर आणायला. आणि भाडी आधीपेक्षा जास्त, कारण वाट लांब.

वही शके १८२४ ला, म्हणजे १९०२ मध्ये संपते. लातूरची लाइन यायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती. पुढची वही सापडली तर इथंच लिहीन. माळ्यावर अजून दोन ट्रंका आहेत, एकीची किल्ली नाही.

शंकासुर

कुलूप तोडू नका. बार्शीला किल्लीवाला मिळेल. थेट गाडी आहे.